जुनी बाहुली घेताना: बिस्क की कॉम्पोझिशन?

बिस्क म्हणजे चकाकी न दिलेलं पोर्सेलिन. विग सोडवून अंधारात डोक्याच्या आत छोटा टॉर्च धरा. केसाएवढी चीरही काळी रेघ होऊन दिसते, आणि तेवढ्यानेही किंमत बरीच उतरते. डोकं ओलसर फडक्याने पुसता येतं, फक्त डोळ्यांच्या खाचेत पाणी जाऊ देऊ नका. डोळे धरून ठेवणारं आतलं प्लॅस्टर सुटतं.

कॉम्पोझिशन म्हणजे भुसा आणि सरसाचा लगदा, वर रंग. हवेतला दमटपणा बदलला की लगदा फुगतो-आक्रसतो, रंग तेवढा ताणत नाही, मग जाळीदार भेगा पडतात. बारीक जाळी चालेल. कडा उचलल्या असतील तर सरळ सोडून द्या. पाणी मुळीच नको, पापुद्रा फडक्यालाच चिकटून येतो. कारखाने हिला ‘न फुटणारी’ म्हणून विकत! माळ्यावर ठेवायची असेल तर बिस्कच बरी.