मिनी प्रोजेक्टरवर जुने कुंग-फू पिक्चर : एक पावसाळा काढल्यानंतरचं मत

स्पेसिफिकेशन डब्यावर लिहिलेलीच आहेत, ती परत टाइप करत बसत नाही. दिवाळीच्या सेलमध्ये अकरा हजार आठशेला घेतला आणि घेतला तो एकाच कामासाठी, हाँगकाँगचे जुने मारामारीचे पिक्चर भिंतभर बघायला. क्रिकेट नि सिरियलला घरात टीव्ही आहे. आम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्र हाकेच्या अंतरावर, लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. हे आधीच सांगतो कारण पुढची सगळी बोंब त्यावरनंच आहे.

तर बोंब अशी की लाइट जाऊन आली की हा पठ्ठ्या झूमची सेटिंग विसरतो आणि आपल्या मनाने 'फुल स्क्रीन' करून बसतो. इन्व्हर्टर आहे हो घरात, पण तो चालू होईस्तोवर जो क्षणभर झटका बसतो तेवढ्यात हा बंद पडतो. दुकानदार म्हणाला यूपीएस लावा. एक सेटिंग लक्षात ठेवायला तीन हजारांचा यूपीएस!

आता एवढं काय त्यात, असं घरचेही म्हणतात. शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या स्टुडिओचे पिक्चर शॉस्कोप या त्यांच्या रुंद पडद्याच्या पद्धतीत काढलेले, फ्रेम २.३५:१, म्हणजे लांबच लांब. प्रोजेक्टरचं चित्र १६:९. नीट लावला तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि त्या यायलाच हव्यात. हा त्या पट्ट्या घालवायला चित्र फुगवतो आणि दोन्ही बाजू मिळून रुंदीचा जवळजवळ पाव भाग गायब. प्रेमाच्या पिक्चरात चालून जातं, दोघं मधेच असतात. कुंग-फूत दोघं दोन टोकांना उभे असतात! १९७८ चा 'थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' घ्या. गॉर्डन लिऊ मठातल्या दोन आखूड तलवारीवाल्या गुरूकडून हरत राहतो आणि शेवटी साखळीने जोडलेली तीन तुकड्यांची काठी तयार करून त्याला गाठतो. ती काठी उघडली की या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, आणि आमच्या भिंतीवर तिचा मधला तुकडा तेवढा. कोण मारतोय ते दिसतं, कुणाला लागलं ते नाही, नुसतं 'आँऽ' ऐकू येतं.

रिमोटवर त्याला वेगळं बटण नाही. सेटिंग, पिक्चर, ॲडव्हान्स, मग खाली खाली जात बसायचं, तोपर्यंत मारामारी संपते. त्यात खाऱ्या हवेने रिमोटच्या सेलची स्प्रिंग गंजली, दर वेळी रिमोट मांडीवर आपटून घ्यावा लागतो.

यात बाबांचं प्रकरण आलं म्हणून मी जास्तच भडकलो. बाबांच्या वेळी गणपतीत वाडीत भाड्याने व्हीसीआर यायचा, रात्रभर पिक्चर आणि पहाटेचा हमखास ब्रूस ली. टीव्ही चौकोनी, त्यामुळे कॅसेटवर भरतानाच फ्रेमच्या बाजू कापलेल्या, निम्म्याहून थोडंसंच जास्त चित्र उरायचं. १९७२ च्या 'वे ऑफ द ड्रॅगन'मधली रोमच्या कलोसियमची मारामारी बाबांनी अशीच पाहिलेली. मी डीव्हीडीवरनं ती अख्ख्या फ्रेममध्ये लावली तर बाबा खुर्चीत पुढे सरकले. "अरे, दोघय एकदम दिसतत रे! तेव्हा एक दिसलो काय दुसरो गायब." ब्रूस ली, चक नॉरिस आणि मधेच ते मांजराचं पिल्लू, सगळं कसं छान चाललेलं. तेवढ्यात लाइट गेली. आली तेव्हा चक नॉरिसचा एक खांदा उरलेला.

कस्टमर केअरला फोन केला तर पोरगा म्हणतो, "सर, काळ्या पट्ट्यांच्या कंप्लेंट येतात म्हणून तसं दिलंय, ते फीचर आहे." म्हटलं बंद कसं करायचं ते सांग. ते फीचर नाही म्हणे. पिकअप आमच्या पिनकोडला नाही, कोल्हापूरला आणून द्या. भाच्याबरोबर एसटीने पाठवला. वस्तू परत आली ती 'नो फॉल्ट फाउंड'ची चिठ्ठी आणि पडद्यावर उजवीकडे एक करडा ठिपका घेऊन. जाताना ठिपका नव्हता. आत धूळ गेलीय असं दिसतं, पण ते कबूल कोण करणार.

इथपर्यंत मे महिन्यात लिहून ठेवलेलं आणि दोन स्टार देणार होतो. मग पावसात बरंच काही बदललं.

एक म्हणजे झूमचा चावटपणा फक्त त्याच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये आहे, पेनड्राइव्ह लावला की. जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडून त्यातल्या व्हीएलसी प्लेअरवर लावलं तर फ्रेम जशीच्या तशी येते, लाइट कितीही वेळा जाओ. हे कंपनीच्या कुणालाच माहीत नव्हतं! लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे ती गोष्ट वेगळी.

दुसरं, स्वस्त असल्यामुळे यात मोशन स्मूथिंगची, म्हणजे हालचाल गुळगुळीत करायची भानगडच नाही. मुंबईला चुलतभावाच्या लाखाच्या टीव्हीवर जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर' पाहिला तर सगळं गुळगुळीत, संध्याकाळच्या सिरियलसारखं. त्या काळी मारामारी मुद्दाम सेकंदाला जरा कमी फ्रेम घेऊन काढायचे आणि २४ च्या वेगाने दाखवायचे, म्हणून हात सटासट चालतात. टीव्ही मधे आपल्या पदरच्या फ्रेम घुसडतो आणि तो सटका मरतो. माझ्या अकरा हजारांत सटका जिवंत आहे. भावाला तिथेच सांगितलं, त्याला फारसं आवडलं नाही.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून कुणीतरी याला एक स्टार दिलाय. बाबा रे, ते पिक्चरच तसे. तेव्हा हाँगकाँगला शूटिंगच्या वेळी आवाज घेतच नसत, सगळं मागाहून स्टुडिओत भरायचे, चिनीत बघितलंस तरी जुळणार नाही.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरेल ही धास्ती होती, धरली नाही. रोज थोडा वेळ चालवायचो आणि बाकी वेळ सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात. यूएसबीच्या खाचेत मात्र हिरवट थर आलाच, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून कापसाच्या काडीने काढला. पंख्याचा आवाज आहे, पण कौलावर पाऊस सुरू झाला की तो काय, डायलॉगही ऐकू येत नाहीत. वेगळा स्पीकर घ्याच.

ठिपका अजून आहे. अंधाऱ्या सीनमध्ये कळत नाही, पांढऱ्या दाढीचा गुरू उजवीकडे उभा राहिला की बरोबर त्याच्या दाढीत.

साडेतीन स्टार देतो, इथे अर्धा देता येत नाही म्हणून तीन. अर्धा ठिपक्याचा कापला असं समजा. लॅपटॉप नसेल आणि नुसत्या पेनड्राइव्हवर बघणार असाल तर घेऊ नका, आणि घेतलात तर निदान रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांनी बिल घेताना पिकअप आपल्या पिनकोडला आहे का ते आधी विचारा. नवीन सॉफ्टवेअर 'लवकरच' येतंय असं मेमध्ये सांगितलेलं, काल परत फोन केला, अजून लवकरच आहे.