डाउडच्या दोन विस्तारांसोबत आठ महिने : विकत घ्यावेत का?

'डिसऑनर्ड' हा मूळ व्हिडिओ गेम ऑक्टोबर २०१२ मध्ये आला आणि त्याच्या कथेचे दोन विस्तार, म्हणजे वेगळे विकत घ्यायचे जोडभाग, 'द नाइफ ऑफ डनवॉल' व 'द ब्रिगमोर विचेस', २०१३ च्या एप्रिल आणि ऑगस्ट महिन्यांत आले. गेल्या दिवाळीनंतर सवलतीच्या काळात मी ते घेतले आणि तेव्हापासून आजवर, म्हणजे सुमारे आठ महिन्यांत, तीन वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो. इतक्या जुन्या गोष्टीबद्दल आता लिहायचे कारण असे की, माझ्या ओळखीतल्या काही जणांनी मूळ खेळ नुकताच संपवला आहे आणि पुढे पैसे घालावेत का, असे ते विचारत आहेत. माझे मत स्पष्ट आहे. दोन्ही विस्तार घेणार असाल तर अवश्य घ्या. एकच घ्यायचा विचार असेल तर एकही घेऊ नका.

मूळ खेळात आपण कॉर्व्हो असतो, ज्याच्यावर सम्राज्ञीच्या खुनाचा खोटा आळ आलेला असतो. विस्तारांत आपण डाउड असतो, म्हणजे ज्याने तो खून प्रत्यक्षात केला तो मारेकरी. एवढ्या एका बदलाने सगळ्या खेळाची चव बदलते. कॉर्व्होने कोणाला जिवंत सोडले तर ते त्याच्या सज्जनपणाला धरून असते. डाउडने सोडले तर आयुष्यभर पैशासाठी माणसे मारलेल्या माणसाने पहिल्यांदाच हात आवरला, असा त्याचा अर्थ होतो आणि तो अर्थ आपल्या बोटांतून घडतो. कॉर्व्हो संपूर्ण खेळात एक शब्दही बोलत नाही. डाउड मात्र बोलतो. २०२५ मध्ये निधन पावलेले अभिनेते मायकेल मॅडसन यांनी त्याला दिलेला थकलेला, खरखरीत आवाज आता ऐकताना अधिकच जड वाटतो.

खेळण्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक 'ब्लिंक' या शक्तीत आहे. एका जागेवरून दुसऱ्या जागी क्षणात जाण्याची ही शक्ती कॉर्व्होकडेही होती. पण डाउड नेम धरत असताना, आपण हालचालीची कळ दाबलेली नसेल तर, काळच थांबतो. पहिल्या आठवड्यात मला याचे फारसे महत्त्व वाटले नव्हते. नंतर एका गच्चीवरून चुकून पाय सुटला, खाली दोन पहारेकरी उभे होते, आणि सवयीने कळ दाबताच सारे जग गोठले. मी हवेत होतो, पहारेकऱ्याच्या हातातला कंदील जिथल्या तिथे थांबला होता आणि समोरच्या भिंतीवरची कोनाड्याएवढी जागा निवडायला मला हवा तेवढा वेळ होता. त्या दिवसापासून माझी खेळण्याची पद्धतच बदलली. कडेकडेने सरपटत जाण्याऐवजी मी उंचावरून उडी घेऊन मग मार्ग ठरवू लागलो. याशिवाय 'व्हॉइड गेझ'मुळे भिंतीपलीकडची माणसे आणि लपवलेल्या वस्तू एकाच शक्तीने दिसतात, आणि 'चोकडस्ट' फेकले की पहारेकरी खोकत राहतात व आपल्याला निसटता येते. आपल्या साथीदाराला मदतीला बोलावण्याचीही सोय आहे. मात्र कोणालाही न मारता खेळताना मी ती क्वचितच वापरली.

प्रत्येक विस्तारात तीन मोहिमा आहेत. पहिल्यातली रॉथवाइल्डच्या कत्तलखान्याची मोहीम ही मला संपूर्ण मालिकेतल्या उत्तम मोहिमांपैकी एक वाटते. डनवॉल शहराची सगळी वीज आणि यंत्रे देवमाशाच्या तेलावर चालतात, हे मूळ खेळात आपण ऐकलेले असते, तेलाच्या टाक्या पाहिलेल्या असतात. इथे ते तेल कुठून येते ते दिसते. अवजड साखळ्यांना टांगलेला देवमासा अजून जिवंत असतो, त्याचा घुमणारा आवाज संपूर्ण इमारतीत पोहोचतो, आणि कामगार आपल्या संपाविषयी व मालकाविषयी बोलत त्याच्या आसपास वावरत असतात. माझा चुलतभाऊ आठवीत आहे. तो शेजारी बसून पाहत होता आणि बराच वेळ गप्प राहून त्याने विचारले, "दादा, तो अजून जिवंत आहे का?" मी हो म्हटल्यावर त्याने, पहारेकऱ्यांचे नंतर पाहू, आधी त्याला सोडव, असा हट्टच धरला. त्या प्राण्याला यातनांतून मोकळे करण्याचा मार्ग खेळात ठेवलेला आहे. तो मूळ उद्दिष्टाचा भाग नाही, त्यासाठी जोखीम पत्करावी लागते, आणि नेमके म्हणूनच तो करावासा वाटतो.

दुसरी मोहीम टिम्श नावाच्या वकिलाच्या घरातली आहे. शहरात पसरलेल्या प्लेगसाठीच्या कायद्याचा आधार घेऊन हा माणूस लोकांची घरे जप्त करतो. त्याला न मारता त्याच्याच कायद्यात अडकवण्याची जी योजना आहे, तिच्यासाठी कागदपत्रांची अदलाबदल, घराच्या हवेच्या मार्गात करायचे एक काम आणि अचूक वेळ साधणे या तिन्ही गोष्टी जमाव्या लागतात. मला ते चौथ्या प्रयत्नात जमले. तिसरी मोहीम डाउडच्या स्वतःच्या अड्ड्यावर होते आणि ती मूळ खेळात पाहिलेल्या बुडालेल्या वस्तीतच आहे. ओव्हरसीअर, म्हणजे जादूच्या विरोधात असलेल्या धर्मपंथाच्या सैनिकांच्या, संगीतपेट्या वाजू लागल्या की आपल्या शक्ती निकामी होतात, ही अडचण चांगली योजलेली आहे. तरी जागा ओळखीची असल्याने शोधण्याचा आनंद कमी होतो. शिवाय कथा ऐन रंगात आलेली असताना विस्तार संपतो. मी शांतपणे, प्रत्येक खोली धुंडाळत खेळूनही चार-पाच रात्रींत तो संपला. फक्त हाच विस्तार घेतला असता तर पैसे वाया गेले, असे मी निश्चित म्हटले असते.

'द ब्रिगमोर विचेस' त्याच क्षणापासून पुढे जातो आणि पहिल्या विस्ताराची सेव्ह फाइल त्यात पुढे नेता येते. तुम्ही किती माणसे मारली, कोणत्या शक्ती वाढवल्या, याचा हिशोब कायम राहतो. सुरुवात पुन्हा ओळखीच्याच कोल्ड्रिज तुरुंगात होते, परंतु यावेळी मोहिमेआधी पैसे देऊन ओव्हरसीअरचा वेश मिळवता येतो आणि ज्या तुरुंगातून कॉर्व्हो जीव मुठीत धरून पळाला होता, त्यात समोरच्या दरवाजाने चालत जाता येते. जागा तीच असली तरी अनुभव उलटा असल्याने इथे मला तक्रार करावीशी वाटली नाही.

ड्रेपर्स वॉर्डची मोहीम मात्र मी कदाचित इतरांपेक्षा जास्त मनावर घेतली असेल. हा कापडधंद्याचा भाग आहे. दुकाने बंद पडलेली, कापडगिरणी एका टोळीच्या ताब्यात, आणि रस्त्यावर दुसऱ्या टोळीशी वैर. माझे आजोबा सोलापुरातल्या गिरणीत साचेवाले होते. गिरणी बंद झाल्यानंतरचा तिथला सामसूम मी लहानपणी त्यांचे बोट धरून पाहिला आहे. खेळातल्या त्या गिरणीत तुळईवरून सरकत असताना मी उद्दिष्ट विसरून कितीतरी वेळ खालची यंत्रे पाहत राहिलो. शेवटची मोहीम ब्रिगमोरच्या पडक्या वाड्यात आहे. तिथे जमिनीवर पडलेली कुत्र्याची कवटी वेळीच फोडली नाही तर ते कुत्रे पुन्हा उठून अंगावर येते, त्यामुळे पुढे पाहत चालण्याची सवय मोडून पायाखाली पाहावे लागते. डेलाइला ही इथली प्रतिस्पर्धी. तिचा बेत काय आहे ते मी सांगणार नाही. २०१६ चा 'डिसऑनर्ड २' खेळायचा असेल तर तिला इथे आधी भेटणे फार आवश्यक आहे, एवढे मात्र सांगतो, कारण ती तिथे परत येते आणि विस्तार न खेळलेल्या माणसाला ती अचानक कुठून उगवली हे कळत नाही.

या प्रकारच्या खेळात कान डोळ्यांइतकेच महत्त्वाचे असतात, आणि हे मला फार उशिरा कळले. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे; शेजारी यंत्रमाग आहेत आणि त्यांची खटखट रात्रीही चालू असते. पहिल्या वेळी मी लॅपटॉपच्याच स्पीकरवर खेळलो आणि पहारेकरी मागून येऊन पकडतात म्हणून वैतागत राहिलो. एकदा कारखान्याला सुट्टी होती. त्या शांततेत वरच्या मजल्यावरची पावले, दाराआडचे बोलणे, लाकडी आणि दगडी जमिनीवरच्या चालीतला फरक, हे सगळे पहिल्यांदा ऐकू आले. दुसऱ्याच दिवशी मी कान पूर्ण झाकणारे हेडफोन घेतले. तुमच्या घरीही आवाज असेल तर विस्तारांआधी ती खरेदी करा.

खेळ जुना असल्याने माझ्या साध्या लॅपटॉपवर विनाअडथळा चालतो. एप्रिल-मेच्या दुपारी तो इतका तापायचा की मी रात्रीच खेळायचो. बॅटरी निकामी झालेली असल्याने वीज गेली की लॅपटॉप जागीच बंद पडे. टिम्शच्या घरातला माझा दीड तासाचा खेळ असाच गेला, तेव्हापासून दर दहा मिनिटांनी मी हाताने सेव्ह करतो.

किमतीविषयी सांगायचे तर प्रत्येक विस्ताराची मूळ किंमत जवळपास दहा डॉलर होती, आणि पूर्ण किमतीला मी आज ते घ्या असे म्हणणार नाही. मूळ खेळ अजून घेतलेला नसेल तर 'डेफिनिटिव्ह एडिशन' घ्यावी. तिच्यात दोन्ही विस्तार येतात. मूळ खेळ जवळ असेल तर सवलतीची वाट पाहून दोन्ही एकदम घ्यावेत. डिसेंबर २०१२ चा 'डनवॉल सिटी ट्रायल्स' हा आव्हानांचा संच वेगळा आहे, त्यात कथा नाही, आणि केवळ कथेसाठी घेणाऱ्याने तो सोडून द्यावा. पहिल्यांदा खेळताना शक्यतो कोणाला मारू नका. मी पहिल्या वेळी मारत गेलो आणि दुसऱ्या वेळी एकालाही मारले नाही. डाउड आणि कॉर्व्हो समोरासमोर येतात तो शेवटचा प्रसंग दुसऱ्या वेळी पाहताना मी हेडफोन काढून काही वेळ तसाच बसून होतो.