एमसीआर चप्पल: बाळंतपणानंतरच्या पायाला पुरते का?

नाशिकच्या शालिमार, मेन रोडच्या दुकानांत ‘डॉक्टर चप्पल’ मागितली की समोर येते ती बहुधा एमसीआरची, म्हणजे वरचा थर मायक्रोसेल्युलर रबराचा, आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या मऊ रबराचा. हे रबर आपल्याकडे रुळलं ते कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांसाठी. दाब एका जागी न साचता पसरावा एवढंच त्याचं काम, आणि ते चोख होतं. पलंगावरून उतरताना टाचेत उठणारी कळ त्याने सौम्य वाटते.

अडचण वेगळीच आहे. गरोदरपणात अस्थिबंध सैल पडतात, वजन वाढतं आणि तळव्याची कमान बसते. अमेरिकेतल्या आयोवात ४९ बायकांचे पाय गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी मोजले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकींचे पाय लांबले होते, २ ते १० मिलिमीटर. पहिलटकरणींत फरक जास्त. तेव्हा सूज उतरूनही जुनी चप्पल घट्टच राहिली तर नवल नाही. बसलेल्या कमानीला नुसता मऊपणा पुरत नाही, आधार लागतो. सपाट एमसीआर तिथेच तोकडी पडते.

म्हणून आत कमानीचा उंचवटा, खोलगट टाच आणि मागे पट्टा असलेलीच घ्या. उंचवटा अंगठ्याने दाबून पाहा: थोडा दबावा, पण सपाट होऊ नये. मग चप्पल दोन्ही हातांनी पिळा. ओल्या फडक्यासारखी वळली तर परत ठेवा; वाकावी ती फक्त बोटांच्या सांध्यापाशी. माप जुन्या नंबरावरून नको. संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पाय कागदावर आखून न्या आणि मोठ्या पायाचं माप धरा. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. उंचवटा चवड्याखाली टोचत असेल तर नंबर चुकलाय.

काटेरी ॲक्युप्रेशर चप्पल टाच दुखत असताना नकोच.

निम्मा फायदा जातो तो घरात. सव्वा महिना शहाबादी फरशीवर अनवाणी वावरायचं आणि चप्पल फक्त दवाखान्यात जाताना, हे उलटं आहे. एक जोड घरातच ठेवा. उठण्याआधी टॉवेल चवड्याला अडकवून ३० सेकंद अंगाकडे ओढा, तीनदा. नाहीतर रात्रभर आखडलेला तळव्याचा पडदा (टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा जाड पट्टा) पहिल्याच पावलाला ताणतो.

नाशिकच्या पावसात चपलेचा कस लागतो. भिजली की चिकटवलेले थर सुटू लागतात, आणि उन्हात वाळवली तर रबर कडक होतं, सावलीतच वाळवा. टाचेखालचं रबर बोटाने दाबून सोडल्यावर वर येईना की जोड बदला, वरून कितीही नवी दिसो.

आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, गरम लागत असेल, तर चपलेच्या दुकानात न जाता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढलेला असतो.