कोडचे बिऱ्हाड कुठे थाटावे: गिटहब, कोडबर्ग की घरचा फोर्जेयो?

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचा सगळा कोड काढून घरच्या सर्व्हरवर आणावा का, असा प्रश्न अलीकडे मला वरचेवर विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आपला कोड एआयच्या हाती लागेल अशी धास्ती असते. उत्तर देण्याआधी प्रश्नच थोडा दुरुस्त करावा लागतो. गिटहब ज्यावर चालते ते गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन, लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिले तेव्हापासूनच ते विकेंद्रित आहे. लॅपटॉपवरच्या साध्या क्लोनमध्येही (प्रकल्पाच्या नकलेतही) पहिल्या कमिटपासूनचा (नोंदवलेल्या बदलापासूनचा) सगळा इतिहास असतो, त्यामुळे उद्या गिटहबचे दार बंद झाले तरी कोड जात नाही. जाते ते कोडभोवती साचलेले: इश्यू (चुकांच्या आणि सूचनांच्या नोंदी), पुल रिक्वेस्टवरच्या (बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांवरच्या) चर्चा, सीआयची (कोडच्या आपोआप तपासणीची) मांडणी आणि लोकांच्या तोंडी बसलेला पत्ता. निवड करायची आहे ती या गोष्टींच्या जागेची.

गिटहबची खरी ताकद सोयींत नाही, माणसांत आहे. २००८ साली सुरू झालेल्या या जागेवर जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामरचे खाते आहे, त्यामुळे तुमच्या लायब्ररीत (इतरांनी वापरायच्या कोडच्या संचात) एखादी चूक आढळली तर अनोळखी माणूस दोन मिनिटांत इश्यू टाकून जातो. खासगी रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या कोडची कोठारे) २०१९ पासून फुकट आहेत आणि त्यांच्या सीआयसाठी महिन्याला २,००० मिनिटेही मिळतात. मात्र किल्ली आपल्या हाती नसते. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली ही कंपनी ७.५ अब्ज डॉलरना घेतली तेव्हा पुष्कळ लोक घाबरले होते. मला त्याहून बोलकी वाटतात ती तीन लहान उदाहरणे. २०१४ च्या अखेरीस भारत सरकारच्या आदेशाने ३२ संकेतस्थळे रोखली गेली, त्यांत गिटहबही होते. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांना आपल्याच खासगी रिपॉझिटरी उघडता येईनात; इराणपुरती ही अडचण जानेवारी २०२१ मध्ये दूर झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकी संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या एका नोटिशीवरून यूट्यूब-डीएल हा व्हिडिओ डाउनलोड करून देणारा प्रकल्प गिटहबवरून हटवण्यात आला आणि पुढच्या महिन्यात परत चढवण्यात आला. तिन्ही वेळा कोड शाबूत होता, पण काम अडले.

कोडबर्ग हीही गिटहबसारखीच कोड ठेवण्याची जागा, आणि तिच्याविषयी थोडक्यातच सांगता येते. बर्लिनमध्ये नोंदलेली, सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणारी ही संस्था केवळ मुक्त सॉफ्टवेअरसाठी आहे. ग्राहकाचा बंदिस्त कोड तिथे ठेवणे नियमांतही बसत नाही आणि शोभतही नाही. झिग या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाने नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे मुक्काम हलवला, तेव्हा ही जागा केवळ हौशी लोकांची आहे असे आता म्हणता येणार नाही. ज्याचा प्रकल्प खुला आहे आणि ज्याला सर्व्हर सांभाळण्याची हौस नाही, त्याने इथेच थांबावे आणि पुढचे परिच्छेद सोडून द्यावेत.

आता घरचा सर्व्हर. गिटहबसारखी जागा स्वतःच्या संगणकावर उभी करून देणाऱ्या गॉग्ज या सॉफ्टवेअरमधून २०१६ साली गिटी निघाले. २०२२ मध्ये गिटीचे नाव आणि डोमेन एका कंपनीकडे गेल्याचे जाहीर झाल्यावर नाराज मंडळींनी त्याच वर्षअखेरीस कोडबर्गच्या छत्राखाली फोर्जेयो वेगळे काढले. एस्पेरांतो भाषेत या नावाचा अर्थ लोहारशाळा असा होतो, आणि तो मला फार आवडतो. गो या प्रोग्रामिंग भाषेतली एकच बायनरी (चालवायची तयार फाइल) आणि सोबत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस एवढ्यावर ते चालते, त्यामुळे रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणकदेखील पुरतो. याउलट गिटलॅब या याच जातीच्या सॉफ्टवेअरची मेमरीची भूक कित्येक पट मोठी आहे. माझे फोर्जेयो टीव्हीमागे ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर आहे आणि ते उभे करायला एक दुपार पुरली.

त्रास नंतर सुरू होतो. घरगुती ब्रॉडबँडवर अनेकदा स्वतंत्र आयपी पत्ता मिळतच नाही, एक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, म्हणून बाहेरून आत येण्यासाठी एकतर स्थिर पत्त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात किंवा वायरगार्ड अथवा टेलस्केलसारखा खासगी जोडणीचा बोगदा काढावा लागतो. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण राउटर मान टाकतो. राउटरपुरता छोटा यूपीएस ही माझ्या मते या प्रपंचातली सर्वांत शहाणपणाची खरेदी आहे.

बॅकअपचे प्रकरण याहून गंभीर आहे. फोर्जेयोची डम्प ही आज्ञा सगळे एका झिपमध्ये बांधून देते, पण ते पुन्हा उभे करणारी तशी एक आज्ञा नाही. फाइली आणि डेटाबेस हाताने जागेवर ठेवावे लागतात. मी ही डम्पची स्क्रिप्ट एआयकडून लिहून घेतली होती. ती रोज पहाटे बिनचूक चालायची, लॉगमध्ये यशाची नोंद व्हायची, आणि चार महिन्यांनी माझ्या लक्षात आले की सगळ्या झिप त्याच डिस्कवर साठत होत्या जिच्यासाठी बॅकअप घ्यायचा होता. दोष स्क्रिप्टचा नव्हता. दुसरी डिस्क आहे हे मी तिला सांगितलेच नव्हते. खुद्द गिटलॅबच्या सेवेत ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या ठेवलेल्या पाचही वाटा निकामी निघाल्या आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला, ही हकीकत मी तेव्हापासून विसरत नाही.

दुसरा अनुभव बॉट्सचा, म्हणजे आपोआप पाने उपसणाऱ्या प्रोग्रामचा. काही रिपॉझिटरी मी बाहेरच्यांसाठी खुल्या केल्या होत्या. एका रात्री लॅपटॉपचा पंखा थांबेना म्हणून लॉग उघडला, तर कोणीतरी प्रत्येक फाइलचे प्रत्येक कमिटमधले ब्लेम पान (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणारे) ओळीने मागत होते, दर मागणीला नवा आयपी पत्ता. तीनशे कमिट आणि दोनशे फाइली एवढ्या लहान प्रकल्पाचीही अशी हजारो पाने होतात आणि त्यांतले प्रत्येक पान सर्व्हरला नव्याने तयार करावे लागते. अशा क्रॉलरना रोखण्यासाठी २०२५ च्या सुरुवातीला अनुबिस हे साधन आले. ते पाहुण्याच्या ब्राउझरला आधी एक गणित सोडवायला लावते. पण त्याच वर्षी हे गणितही सोडवणारे बॉट कोडबर्गला भेटले. मी साइन-इनशिवाय काहीच दिसणार नाही अशी व्यवस्था केली आणि खुले प्रकल्प बाहेर हलवले.

एआयच्या धास्तीपायी स्थलांतर करणाऱ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. क्लॉड कोड, कोपायलट किंवा कर्सर ही कोड लिहिणारी एआय साधने वापरताना फाइलींतला मजकूर त्या त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. ओरिजिन (मूळ रिपॉझिटरी) घरी आहे की गिटहबवर, याने काडीचाही फरक पडत नाही. कोड खरोखर घराबाहेर जाऊ द्यायचा नसेल तर मॉडेलही घरीच हवे. ओलामा या मॉडेल घरी चालवणाऱ्या प्रोग्रामवर क्वेन २.५ कोडर या मॉडेलचे ३२ अब्ज पॅरामीटरचे (आतल्या आकड्यांचे) रूप चार बिटांत आणून, म्हणजे ते आकडे आखूड करून, चालवायचे तरी सुमारे २० जीबी मेमरी लागते, म्हणजे २४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आले. सात अब्जाचे धाकटे मॉडेल साध्या कार्डावर चालते आणि ओळ पुरी करायला चांगले आहे, पण पाच-सहा फाइलींतला बदल सोपवला की ते भरकटते. ग्राहकाच्या करारात गोपनीयतेची अट असेल तर सर्व्हरच्या आधी हा हिशेब करावा.

सोयीच्या बाबतीत गिटहब इथे पुढे आहे: इश्यू कोपायलटच्या एजंटला (स्वतः काम करणाऱ्या एआयला) नेमून दिला की तो स्वतः पुल रिक्वेस्ट काढतो. पण टर्मिनलमधल्या एजंटला फक्त क्लोन लागतो, त्यामुळे फोर्जेयोवर माझे फारसे अडत नाही. उलट घरच्या सर्व्हरवर एजंटसाठी वेगळा वापरकर्ता काढून त्याला एकाच रिपॉझिटरीचे अधिकार देणे आणि मुख्य शाखा कुलूपबंद ठेवणे मला सोपे जाते.

रॅडिकल हा चौथा पर्याय. त्यात मध्यवर्ती सर्व्हरच नाही, ओळख म्हणजे तुमची सांकेतिक (क्रिप्टोग्राफिक) किल्ली, आणि इश्यूसुद्धा गिटमध्येच साठून एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरतात. कल्पना म्हणून तो या सगळ्यांत देखणा आहे. सहकाऱ्यांना मात्र नवे साधन शिकवावे लागते, म्हणून आजच्या घडीला मी तो प्रयोगापुरताच सुचवेन.

माझी स्वतःची वाटणी अशी आहे: खासगी आणि अर्धवट गोष्टी घरी, खुल्या लायब्ररी कोडबर्गवर, आणि ज्यांच्यावर अनोळखी लोक काम करतात त्या गिटहबवरच. घरच्या फोर्जेयोतून बाहेर पुश मिरर (आपोआप पाठवली जाणारी प्रत) लावता येतो, पण त्यातून फक्त कमिट, शाखा आणि टॅग जातात. इश्यू जात नाहीत. म्हणून हलायचेच ठरले तर गिटहबचे खाते चालू असतानाच त्याचे टोकन (प्रवेशाची परवल) देऊन फोर्जेयोच्या स्थलांतराच्या पानावरून इश्यू आणि पुल रिक्वेस्ट आणून घ्याव्यात, त्या वेळी मिररचा पर्याय निवडू नये, आणि जुन्या रिपॉझिटरीच्या रीडमीत (माहितीच्या फाइलीत) नवा पत्ता लिहून मगच ती संग्रहित करावी.