माझ्याच साच्यात ओतलेलं शिसं

हे लिहायला मला दोन वर्षं लागली, कारण लाज वाटत होती. गिऱ्हाईक फसलं तर लोक हळहळतात, पण साचे करणारा माणूस स्वतःच्याच साच्यातून निघालेल्या मालाला फसला म्हटल्यावर लोक हसणारच. हसलेही.

वाशिष्ठीच्या खाडीकाठी माझं वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. ग्रिल, गेट, शेड ही रोजची कामं. शिवाय खाडीत पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकणाऱ्यांसाठी मी शिशाचे मणी ओतायचे साचे करतो. पागाच्या घेराला खाली ओळीने शिसं लागतं, एका पागाला पाच-सहा किलो सहज. ते झिजतं, खडकात अडकून तुटतं, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला सगळ्यांना नवं हवं असतं. मण्यांचे साचे करता करता मी लगडीचेही साचे करायला लागलो. भंगारातलं शिसं वितळवून त्याच्या लगडी करून ठेवल्या की मोजायला, रचायला सोयीचं पडतं.

लगडीचा साचा म्हणजे फार मोठं शास्त्र नाही. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल (काटकोनी लोखंडी पट्टी) घ्यायचा, १५ सेंटिमीटरचा तुकडा कापायचा आणि दोन्ही टोकांना पट्टी मारायची. पट्टी किंचित बाहेर कललेली हवी, म्हणजे लगड अडकत नाही. वेल्डिंग बाहेरून करायचं. आतून केलंत तर त्याच्या गाठीत लगड अशी रुतून बसते की घण घालावा लागतो. असा साचा काठोकाठ भरला तर ९२ घनसेंटिमीटर शिसं मावतं, म्हणजे एक किलोच्या वर चाळीसेक ग्रॅम. मोठी लगड हवी असेल तर ७५ बाय ४० चा चॅनेल, म्हणजे तीन बाजूंची लोखंडी पन्हळ. चॅनेलच्या पाकळ्या (दोन्ही बाजूंच्या भिंती) आतून मुळातच उतरत्या असतात, त्यामुळे साचा उलटा केला की लगड आपसूक पडते. जीआयचा पत्रा किंवा पाइप मात्र कधी वापरायचा नाही. त्यावरचं जस्त शिशात उतरतं आणि तापलं की त्याचा धूर छातीत बसतो. साधं काळं लोखंड, तेही थोडं गंजलेलं असेल तर उत्तम, कारण शिसं गंजाला चिकटत नाही. ओतण्याआधी साचा चुलीवर खडखडीत तापवायचा. पाण्याचा एक थेंब राहिला तर त्याची वाफ वितळलेलं शिसं तोंडावर फेकते. माझ्या हातावर त्याची खूण आहे.

तर त्या वर्षी मे महिन्यात एक गृहस्थ दुकानात आले. महामार्गाच्या पलीकडे जुन्या बॅटऱ्यांचं शिसं काढायचा धंदा करतो म्हणाले. त्यांना चॅनेलचे चार साचे हवे होते, प्रत्येकी पाच किलोचे. साडेएकवीस सेंटिमीटर लांबी धरली तर आतली जागा ४५० घनसेंटिमीटर होते आणि शुद्ध शिशाची लगड भरते पाच किलो शंभर ग्रॅम. हा हिशेब मीच त्यांना वहीत करून दाखवला. त्यांनी भाव पाडून मागितला नाही, पैसे रोख दिले. जाताना म्हणाले, "शिसं लागलं तर सांगा शेठ, तुमच्याच साच्यातलं देतो."

"तुमच्याच साच्यातलं" हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

पंधरा दिवसांनी तीन पागवाल्यांनी माझ्याकडे शिशासाठी पैसे दिले. किलोला १७० रुपये भाव ठरला. मी टेम्पो घेऊन गेलो. जागा रस्त्यापासून आत, काजूच्या बागेमागे. पाटी नाही की बोर्ड नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती. २०२२ च्या नियमांप्रमाणे बॅटरीचं शिसं काढणाऱ्याची प्रदूषण मंडळाकडे नोंदणी लागते आणि बिनपाटीचा माणूस कसली नोंदणी करणार? पण त्यांनी चहा मागवला आणि मला कढईपाशी नेलं. माझ्याच साच्यात माझ्यासमोर एक लगड ओतली. थंड झाल्यावर हॅकसॉने मधोमध कापून दाखवली. आत लोण्यासारखं चकचकीत शिसं, नखाने चरा पडत होता. दोन तुकडे काट्यावर टाकले, पाच किलो शंभर. मी मनातल्या मनात स्वतःच्या हिशेबाची पाठ थोपटली.

बाकीच्या नऊ लगडी शेजारी रचून ठेवलेल्या होत्या. त्या मी कापायला सांगितल्या नाहीत. लाज वाटली. एवढा पाहुणचार करणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा काप म्हणून कसं सांगायचं? सगळा माल प्लॅटफॉर्म काट्यावर चढवला. ४६ किलो ३०० ग्रॅम.

इथे थांबा आणि हिशेब करा, जो मी केला नाही. दहा लगडी गुणिले पाच किलो शंभर म्हणजे ५१ किलो. साडेचार किलोपेक्षा जास्त कमी भरत होतं. मी विचारलंही, "कमी का भरतंय?" ते म्हणाले, "शेठ, रोजचा माल आहे, पोरं काठोकाठ भरत नाहीत. तुम्हाला काय, तुम्ही किलोने पैसे देताय." बरोबरच होतं की! काटा खरा होता, मी तो आधी माझ्या पाच किलोच्या वजनाने तपासूनही घेतला होता. काट्यात कुणी मला फसवू शकत नाही, याचा मला फार अभिमान. ७,८७१ रुपये झाले, वरचा रुपया त्यांनी सोडला. बिल मागितलं तर म्हणाले, "जीएसटी लागेल, उगाच कशाला." मीही म्हटलं, उगाच कशाला.

दुसऱ्या दिवशी दुकानामागे चूल पेटवून मोठी कढई ठेवली. (घरात नाही, आणि ती कढई परत कधी स्वयंपाकघरात गेली नाही. पोरांना त्या बाजूला फिरकू देत नाही. शिशाचा परिणाम दिसत नाही, पण पोरांच्या डोक्यावर होतो.) कापलेली लगड पहिली टाकली, पाण्यासारखी वितळली. मग दुसरी. शिसं ३२७ अंशांना वितळतं, एवढ्या आगीवर वेळ लागत नाही. लगड खचली, पसरली आणि मध्येच काहीतरी काळं वर आलं. मला वाटलं मळी. पळीने बाजूला करायला गेलो तर खणकन वाजलं.

सळई होती. बारा एमएमची, नव्या बांधकामाची, अंगावर फासळ्या असलेली. तुकड्यामागून तुकडा वर येऊन होड्यांसारखा तरंगायला लागला. पागवाल्यांपैकी एक काका शेजारी बिडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "आयला, लोखंड तरंगतंय! पांडुरंगच पावला म्हणायचा." त्यात चमत्कार काही नव्हता. शिसं लोखंडापेक्षा जवळजवळ दीडपट जड, म्हणून लोखंड त्याच्यावर लाकडासारखं तरंगतं. पण त्या क्षणी मला काही सुचेना.

प्रत्येक लगडीत सात तुकडे, नऊ लगडींत त्रेसष्ट. एकूण साडेदहा किलो सळई मी १७० रुपये किलोने आणली होती. आणि तुकडे किती स्वच्छ निघाले! लोखंडाला शिसं धरत नाही, म्हणून तर लोखंडाचा साचा चालतो. तोच गुण त्यांच्या कामाला आला होता.

पण सळई तरंगते, तर मग ओतताना वर कशी आली नाही? हे मला कोल्हापूरच्या शिरोलीत फाउंड्रीत काम करणाऱ्या मावसभावाने फोनवर सांगितलं. आधी साच्यात थोडं शिसं ओतायचं. ते थिजायला लागलं की सळया त्यावर मांडायच्या आणि जरा ओतून जखडायच्या. मग वरून भरायचं. "लगडीच्या अंगावर आडवी रेघ होती का?" त्याने विचारलं. होती. मला ती साच्याची खूण वाटली होती. तो म्हणाला, "तुझ्या साच्याला आडवी रेघ कुठून येईल? तो कोल्ड शट. थंड शिशावर गरम शिसं पडलं की दोन्ही नीट जुळत नाहीत." आणखी एक गोष्ट त्याने विचारली, जी मी डोळ्यांनी पाहिली होती. शिसं थिजताना आकसतं, म्हणून एकदम ओतलेल्या जाड लगडीचा माथा मधोमध खचतो. माझ्यासमोर ओतलेली खचली होती. ढिगातल्या नऊ जणी पाटासारख्या सपाट होत्या. मला तर उलट त्याच जास्त सुबक वाटल्या होत्या!

त्या गृहस्थांना फोन केला. पहिल्यांदा उचलला. "शेठ, तुम्ही स्वतः वजन करून नेलंत ना?" एवढंच. नंतर नंबर बंद. पोलीस ठाण्यात गेलो, हवालदार चांगला माणूस होता, पण त्याने पहिलंच विचारलं, "बिल?" आठवड्याने काजूच्या बागेमागे गेलो तेव्हा तिथे नुसती काळी जमीन होती. माझे चारही साचे घेऊन मंडळी पुढे गेली होती. म्हणजे त्यांत अजून कुणाच्या तरी जिल्ह्यात शिसं ओतलं जात असणार, म्हणूनच हे लिहितोय.

आता मी शिसं घेतो तेव्हा खिशात जुन्या स्पीकरचं लोहचुंबक असतं. शिशावर ते नुसतं घसरतं, आत थोडं खाली लोखंड असलं तर ओढ लागते. टायरवाले चाकाचा तोल साधायला लावतात त्या वजनांत हल्ली जस्तही असतं, त्याला चुंबक कळत नाही. त्यासाठी काठोकाठ भरलेली बादली परातीत ठेवून लगड सुतळीने आत सोडतो आणि सांडलेलं पाणी मोजतो. एक किलो शिसं ८८ मिलिलिटर पाणी सांडतं, जस्त १४०. दगडावर टाकून आवाजही ऐकतो, शिसं मुकं असतं. आणि ढिगातली लगड मी निवडतो, मी कापतो. कुणाला राग आला तर येऊ दे.

पागवाल्यांचं शिसं मी पदरचे घालून पुरं करून दिलं. त्यांना मासे धरायचे होते, माझी कहाणी नव्हती ऐकायची.

त्या त्रेसष्ट तुकड्यांची दुकानापुढच्या गटारावर जाळी केली. एवढ्या आखूड सळया जोडत बसायचा शहाणपणा कुणी केला, असं नवी गिऱ्हाइकं विचारतात. काका मध्येच तोंड घालतात, "हळू पाय द्या हां. तालुक्यात एवढी महाग जाळी दुसरी नाही."