गुन्हेगारीवर संशोधन: छापील अहवाल, संकेतस्थळ, अभिलेखागार की माहितीचा अर्ज?

फौजदारी न्यायाशी संबंधित विषय मंजूर झाला की विद्यार्थ्याला पहिला सल्ला मिळतो तो असा: ‘एनसीआरबीच्या साइटवर जा, सगळं तिथेच आहे.’ सल्ला अर्धा खरा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, १९८६ साली स्थापन झाला, आणि त्याच्या ‘क्राइम इन इंडिया’ या वार्षिक अहवालाची मालिका त्याच्याही आधीची, १९५३ पासूनची आहे. तुरुंगांची आकडेवारी १९९५ पासून वेगळी निघते. हे सगळं घरबसल्या, फुकट आणि अलीकडच्या वर्षांसाठी एक्सेलच्या तक्त्यांतही मिळतं. असं असताना ग्रंथालयात जाऊन जाड, धुळकट खंड कोण चाळत बसेल?

हे उत्तर एका गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे तुमचा प्रश्न किती वर्षांवर पसरलेला आहे. एकाच वर्षाचं चित्र हवं असेल तर ग्रंथालयात जाऊ नका, वेळ फुकट जाईल. पण ‘१९७० ते २०२० या काळात अमुक गुन्हा वाढला की कमी झाला’ असं काही विचारायचं असेल, तर नुसत्या संकेतस्थळावर विसंबणारा हमखास फसतो. आकडे चुकीचे असतात म्हणून तो फसत नाही. मधल्या काळात मोजण्याची रीत बदललेली असते आणि ती शेवटच्या वर्षाच्या तक्त्यात दिसत नाही, म्हणून फसतो.

याची उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवलेली बरी. बलात्काराचा आकडा या मालिकेत १९७१ पासून स्वतंत्र मिळतो. त्याआधीच्या खंडांत ती ओळच नाही. पतीकडून होणाऱ्या क्रूरतेचं कलम ४९८-अ १९८३ साली आलं, हुंडाबळीचं ३०४-ब १९८६ साली. म्हणजे १९७५ च्या खंडात हे गुन्हे शोधून सापडणार नाहीत, आणि न सापडण्याचा अर्थ ते घडत नव्हते असा होत नाही. २०१४ मध्ये माहिती गोळा करण्याचे नमुने बदलले. एनसीआरबीच्याच आत्महत्यांच्या अहवालात शेतकरी आणि शेतमजूर त्याच वर्षापासून वेगळे मोजले जाऊ लागले, त्यामुळे २०१३ आणि २०१४ चे शेतकरी आत्महत्यांचे आकडे शेजारी ठेवून ‘घट झाली’ म्हणणं म्हणजे स्वतःची फसगत. महानगरांच्या तक्त्यांतही हेच झालं. २०१५ पर्यंत दहा लाखांवरची ५३ शहरं त्यांत होती, २०१६ पासून वीस लाखांवरची १९ राहिली. ज्याच्या शहराची वस्ती बारा लाख, त्याची मालिका तिथेच तुटली.

छापील खंडांची रांग समोर लावून बसलं की हे बदल नजरेत भरतात. दहा वर्षांचे दहा खंड एकाच प्रकरणाच्या पानावर उघडे ठेवा. नवा स्तंभ कुठल्या वर्षी आला, कुठल्या तळटीपेचा मजकूर बदलला, हे तासाभरात कळतं. पडद्यावर दहा पीडीएफ उघडूनही हे करता येतं, पण जुने अंक म्हणजे स्कॅन केलेली चित्रं असतात. त्यांत शब्द शोधता येत नाही आणि बारीक टाइपातल्या तळटीपा वाचताना डोळे फुटतात. माझं मत विचाराल तर आकडे संकेतस्थळावरून घ्यावेत आणि व्याख्या छापील खंडांतून. त्यातही प्रास्ताविक आणि मर्यादांची टीप आधी वाचावी. प्रमुख गुन्ह्याचा नियम तिथेच सांगितलेला असतो: एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर सर्वांत गंभीर असेल तोच मोजायचा. खून आणि चोरी एकत्र घडली तर आकडेवारीत फक्त खून येतो. चोरीवर प्रबंध लिहिणाऱ्याला ही ओळ माहीत नसेल तर बाकीचा सगळा हिशेब वाळूवर उभा राहतो.

तळटीपांचं महत्त्व अलीकडच्या अहवालांतही कमी झालेलं नाही. २०१९ च्या अहवालात पश्चिम बंगालची माहिती वेळेत न आल्यामुळे त्या राज्यासाठी २०१८ चेच आकडे वापरले होते. तक्ता उतरवून घेणाऱ्याला हे दिसत नाही, टीप वाचणाऱ्याला दिसतं. गुन्ह्यांचा दर काढताना लोकसंख्या घेतली जाते तीही २०११ च्या जनगणनेवरून पुढे मांडलेल्या अंदाजाची, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यानं खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८. शिवाय त्या तारखेआधी घडलेला गुन्हा नंतर नोंदला गेला तरी जुन्याच कलमाखाली येतो, त्यामुळे काही वर्षं दोन्ही क्रमांक शेजारीशेजारी वावरणार. यापुढे मालिका जुळवणाऱ्यानं कलमांचा जोडतक्ता स्वतः तयार करून ठेवलेला बरा.

तुरुंगांच्या आकड्यांची गंमत वेगळी. ते ३१ डिसेंबरच्या दिवशीचे असतात. २०२२ च्या अहवालात एकूण बंदी ५,७३,२२० आणि त्यांत कच्चे कैदी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, असं आहे. हे त्या एका दिवसाचं चित्र. वर्षभरात किती माणसं आत गेली आणि बाहेर आली हा निराळा तक्ता असतो. दोन्हींची गल्लत वर्तमानपत्रांत वरचेवर होते, संशोधनात होऊ नये.

कायद्याचा मजकूर

इथे संकेतस्थळाचं पारडं जड आहे, पण एका अटीवर. ‘इंडिया कोड’ या सरकारी कायदेसंग्रहाच्या संकेतस्थळावर कायदा आजच्या दुरुस्त रूपात मिळतो. तुम्हाला १९८३ च्या दुरुस्तीआधी बलात्काराच्या कलमाचा मजकूर नेमका काय होता हे हवं असेल, तर आजचा मजकूर कामाचा नाही. विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्या काळच्या कायद्याची जुनी आवृत्ती असते, ती काढा. नव्या आवृत्त्या आल्या की जुन्या रद्दीत काढण्याची खोड अनेक ग्रंथालयांना असते, म्हणून आधी फोन करून विचारा.

राजपत्राचंही असंच दोन भागांत आहे. केंद्राचं राजपत्र ऑक्टोबर २०१५ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघतं, त्यानंतरची छापील प्रत शोधणं व्यर्थ. त्याआधीच्या काळासाठी ग्रंथालय किंवा चर्नी रोडचं शासकीय ग्रंथागार. मंत्रालयाचे शासन निर्णय संकेतस्थळावर संगणक संकेतांकासह मिळतात. उद्धृत करताना तो संकेतांक लिहा, दुवा नको. दुव्यांचा भरवसा धरण्यात अर्थ नाही. एनसीआरबीचा पत्ता बदलला, लोकसभेचा बदलला, आणि दहा वर्षांपूर्वीच्या प्रबंधांतले निम्मे दुवे आज कोऱ्या पानावर नेतात. छापील अहवालाचा पृष्ठ क्रमांक मात्र जागच्या जागी राहतो.

आयोग आणि समित्या

विधी आयोगाचे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत, त्यांच्यासाठी पायपीट करू नका. फाशीच्या शिक्षेवर लिहिणाऱ्यानं १९६७ चा ३५ वा आणि २०१५ चा २६२ वा हे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. पहिला फाशी राखा म्हणतो, दुसरा दहशतवाद आणि युद्ध सोडून ती रद्द करा म्हणतो. बलात्काराच्या कायद्यासाठी १९८० चा ८४ वा. फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांवरचा मलिमथ समितीचा २००३ चा अहवाल आणि लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यावरचा वर्मा समितीचा जानेवारी २०१३ चा अहवाल दोन्ही ऑनलाइन मिळतात.

चौकशी आयोगांचं तसं नाही. १९५२ च्या कायद्यानुसार आयोगाचा अहवाल सहा महिन्यांच्या आत, कार्यवाहीच्या निवेदनासह, सभागृहाच्या पटलावर ठेवायचा असतो. म्हणजे तो सापडण्याची हक्काची जागा विधिमंडळाचं ग्रंथालय. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये असाच पटलावर आला. अहवालाची पीडीएफ इकडेतिकडे फिरत असते, पण तिच्यासोबत सरकारचं कार्यवाहीचं निवेदन क्वचितच असतं. आयोगानं काय म्हटलं इतकंच हवं असेल तर पीडीएफ पुरे. सरकारनं त्यातलं काय स्वीकारलं आणि काय फेटाळलं हा तुमचा प्रश्न असेल तर ग्रंथालय गाठावंच लागतं.

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयाचा वापर फार कमी संशोधक करतात, याचं मला नवल वाटतं. गृह मंत्रालयाला विचारलेल्या अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या, प्रश्नांच्या उत्तरांना राज्यवार तक्ते जोडलेले असतात, आणि कधीकधी त्यांत अशी फोड मिळते जी वार्षिक अहवालात नसते.

१९४७ च्या मागे

इथे निवड तुमच्या जिल्ह्यावर ठरते. मुंबई इलाख्याचे पोलीस आणि तुरुंग प्रशासनाचे अहवाल चाळायला बसाल आणि विषय नांदेडचा किंवा धाराशिवचा असेल, तर हाती काही लागणार नाही. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. नागपूर, अमरावती, यवतमाळसाठी मध्य प्रांत व वऱ्हाडचे अहवाल बघावे लागतात. कोल्हापूर संस्थानाचं दप्तर निराळं. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या मुंबईबरोबरच पुणे, नागपूर, कोल्हापूर इथेही शाखा आहेत त्या यासाठीच उपयोगी पडतात.

छापील अहवाल आणि हस्तलिखित दप्तर यांतही फरक करा. इलाख्याचे वार्षिक अहवाल, १९०२-०३ च्या पोलीस आयोगाचा किंवा १९१९-२० च्या तुरुंग समितीचा अहवाल ही छापील सामग्री आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात जुनी सरकारी प्रकाशनं मोठ्या संख्येनं आहेत आणि त्यांतली बरीचशी संस्थेच्या डिजिटल संग्रहात घरबसल्या वाचता येतात. तिथे आधी शोधा. अभिलेखागारात जायचं ते फायलींसाठी: अहवालातलं एक वाक्य लिहिलं जाण्याआधी जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि सरकार यांच्यात काय पत्रव्यवहार झाला ते पाहायला. त्यासाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं अभिलेखागार, आणि केंद्राच्या गृह खात्याच्या फायलींसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ. संस्थेचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र बरोबर असू द्या. आणि भरपूर वेळ. सहा महिन्यांत प्रबंध द्यायचा असेल तर अभिलेखागाराच्या वाटेला न गेलेलं बरं.

ग्रंथालयात शोधायचं कसं

सरकारी प्रकाशनाला बहुधा माणूस लेखक नसतो. तालिकेत लेखकाच्या जागी शासनाचं आणि खात्याचं नाव असतं, म्हणून ‘महाराष्ट्र. गृह विभाग’ असं शोधा. १९६० च्या आधीचं असेल तर ‘मुंबई राज्य’, त्याही आधीचं असेल तर ‘मुंबई इलाखा’. एकच अहवाल तीन नावांखाली विखुरलेला असतो आणि ‘गुन्हेगारी’ हा शब्द टाकून तो कधीच वर येत नाही. दशांश वर्गीकरण असेल तर ३६४ गुन्हेगारी, ३६५ तुरुंग, ३६३.२ पोलीस, ३४५ फौजदारी कायदा. पण अनेक ठिकाणी सरकारी प्रकाशनं वेगळ्या दालनात, वेगळ्या नोंदवहीत असतात आणि संगणकावर आलेलीच नसतात. तिथे जुन्याजाणत्या ग्रंथपालाला विचारण्यासारखा दुसरा उपाय नाही.

मुंबईच्या टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय इथे नव्या प्रकाशनांच्या प्रती १९५४ च्या कायद्यानं जमा होतात. सरकारी प्रकाशनांनाही हा कायदा लागू आहे, पण केवळ कार्यालयीन वापरासाठी काढलेल्या पुस्तकांना नाही. पोलिसांची अंतर्गत परिपत्रकं आणि प्रशिक्षण पुस्तिका तिथे मिळणार नाहीत, ते एवढ्यासाठीच.

जिल्हा आणि पोलीस ठाण्याच्या पातळीवर

राष्ट्रीय अहवाल इथे तोकडे पडतात. पुण्याचा राज्य गुन्हे अन्वेषण विभाग ‘क्राइम इन महाराष्ट्र’ काढतो, त्यात जिल्हावार तपशील जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालापासून संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावे लागतात. वाचायला उत्तम, मोजायला वाईट, कारण वगळलेली प्रकरणं किती हे त्यावरून कळत नाही. प्रलंबित खटल्यांसाठी राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रिड आहे. तिथला आकडा रोज बदलतो, म्हणून पाहिल्याची तारीख लिहा आणि पानाची प्रत जपून ठेवा.

याहून खालचं काही हवं असेल तर माहितीचा अधिकार. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, हा २०१२ चा नियम अनेकांना माहीत नसतो. ‘गेल्या वीस वर्षांतील सर्व माहिती’ असं मागितलंत तर ‘संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं एका ओळीचं उत्तर येईल, आणि तपास चालू असलेल्या प्रकरणांना कलम ८ ची आडकाठी आहेच. म्हणून ठाण्यात कोणती नोंदवही ठेवली जाते ते आधी माहीत करून घ्या आणि तिचं नाव, वर्ष आणि रकाने लिहून तेवढंच मागा. अपिलाची वेळ आली तर ते तीस दिवस आणखी जातात, तेव्हा अर्ज विषय मंजूर झाल्याच्या आठवड्यातच टाका आणि उत्तर येईपर्यंत छापील खंड घेऊन बसा.