पाटणच्या वाड्यावस्त्यांवर एक्सपल्स २०० फोर-व्ही : वर्षभराच्या वापरानंतर

हिरोच्या एक्सपल्स या मोटारसायकलबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक लडाखला जाऊन आलेल्यांनी किंवा सुट्टीच्या दिवशी डोंगरात फिरणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. माझा वापर वेगळा आहे. मी पाटण तालुक्यात जनावरांचा डॉक्टर आहे आणि ही गाडी माझं रोजचं कामाचं वाहन आहे. डांबरी रस्ता संपला की कच्चा, कच्चा संपला की बैलगाडीची वाट, आणि तिच्या टोकाला कुणाचा तरी गोठा. वर्ष उलटून गेलं, एक अख्खा पावसाळा गाडीने काढला, म्हणून आता सविस्तर लिहितो.

मत आधीच सांगून टाकतो. या गाडीची खरी किंमत तिच्या वजनात आणि सस्पेन्शनमध्ये आहे, इंजिनात नाही. ज्याला वेग हवा आहे त्याची ती निराशा करील. ज्याला रोज वाईट रस्त्याने वेळेवर पोचायचं आहे त्याला या पैशात दुसरी गाडी सुचवायला माझ्याकडे नाही.

माझ्याकडे २०२३ चं साधं मॉडेल आहे, प्रो नाही. प्रोला पुढच्या सस्पेन्शनची चाल, म्हणजे चाक वर-खाली जाण्याचं अंतर, २५० मिलिमीटर मिळते, पण सीट ८९१ मिलिमीटरवर जाते. माझी उंची साडेपाच फुटांच्या आसपास, त्यामुळे ८२५ मिलिमीटरच्या साध्या मॉडेलवरसुद्धा फक्त चवडे टेकतात. पाठीमागे सामान बांधून उतारावर मध्येच थांबावं लागणाऱ्याने साधीच घ्यावी. घेण्याआधी रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ चा विचार केला होता. तिचं इंजिन जास्त ताकदीचं, सीटही खाली, पण वजन १९९ किलो. एक्सपल्स १५९ किलोची. चिखलात आडवी झालेली गाडी एकट्याने उभी करायची असते. आमच्याकडे वाडीवाडीतली कर्ती पोरं मुंबईला, मागे उरलेली माणसं वयस्कर. हाक मारली तर येतील, पण गाडीला हात लावा म्हणणं बरं दिसत नाही. हे ४० किलो माझ्यासाठी निर्णायक ठरले.

आधीची गाडी शंभर सीसीची होती. मायलेज उत्तम, दुरुस्ती कुठेही. पण दगडी चढावर तिचं पोट घासायचं आणि मी खाली गाडी लावून पेटी खांद्यावर घेऊन वर जायचो. आता २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आहे. पहिल्यांदा मोरणा नदीच्या खोऱ्यातल्या एका वस्तीवर गेलो तेव्हा तिथल्या आबांनी खालूनच हात केला, "डॉक्टर, गाडी तितंच ठिवा, वर चालत यावं लागतंय." मी गाडी गोठ्याच्या दारात नेऊन उभी केली. आता त्या वस्तीवरून फोन आला की वेळ विचारतात, गाडी कुठवर येईल हे कुणी विचारत नाही.

वेळेचं महत्त्व आमच्या कामात फार आहे. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरायची (म्हणजे कृत्रिम रेतन करायचं), संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ती वेळ हुकली की शेतकऱ्याचे पुढचे २१ दिवस गेले. त्यासाठी रेतमात्रा न्यायच्या त्या द्रव नायट्रोजनच्या छोट्या कॅनमधून, उणे १९६ अंशांत. ही कॅन आडवी करून चालत नाही, तिचं तोंड हवाबंद करून चालत नाही, आणि ती फार डचमळली की नायट्रोजन लवकर उडून जातं. म्हणजे गाडीचं सस्पेन्शन माझ्या पाठीसाठी जितकं लागतं तितकंच कॅनसाठी लागतं. एक्सपल्सला पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटरची चाल आहे. त्याच वाटेने, त्याच कॅनमधलं नायट्रोजन आता आधीपेक्षा जास्त दिवस पुरतं, हे पट्टी बुडवून पातळी बघताना स्पष्ट कळतं.

कॅनसाठीचा बदल हा माझा सगळ्यात उपयोगी बदल. गावातल्या वेल्डरकडून लोखंडी पट्टीचं कडं करून घेतलं आणि ते डाव्या अंगाला, कॅरियर आणि फुटरेस्टच्या बोल्टला धरून बसवलं. उजवीकडे सायलेन्सर वर चढलेला आहे, तिकडे काही लावायचं नाही. कड्याला आतून ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, तळाला जाड रबर घातलं. औषधांची पेटी मागच्या प्लेटवर. एवढं वजन चढल्यावर मागचा शॉक आवळावाच लागतो. तो दहा टप्प्यांत आवळता येतो. सामानासकट मी तो मधल्याच्या पुढे ठेवतो, घरच्या कामाला निघालो की परत सैल करतो. पुष्कळ मालकांनी हा शॉक शोरूममधून आला तसाच ठेवलेला असतो आणि मग गाडी मागे बसते, हँडल हलकं लागतं, अशी तक्रार असते. महागडं सस्पेन्शन घेण्याआधी हे करून बघा, याला एक पैसा लागत नाही.

दुसरा बदल पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाचा. कंपनीचं १३ दातांचं काढून १२ दातांचं टाकलं. १९.१ पीएसची ताकद ८,५०० आरपीएमला मिळते, टॉर्कही ६,५०० ला. दगडी चढावर चालण्याच्या वेगाने जाताना इंजिन त्याच्या खूपच खाली असतं, मग क्लच अर्धा दाबून ओढावं लागतं आणि क्लच प्लेट त्यात जातात. एक दात कमी केल्याने गियरिंग साधारण ८ टक्क्यांनी खाली येतं. पहिल्या गियरला क्लच पूर्ण सोडून गाडी आपली आपण चढते. मोबदल्यात हायवेला इंजिन जास्त ओरडतं. मुळातच पाच गियर, त्यात हा बदल. कराड-सातारा ८० च्या वर न्यावीशी वाटत नाही. मला महिन्यातून क्वचित जायचं असतं, त्यामुळे चालतं. रोज हायवे असेल तर या भानगडीत पडू नका. मायलेज ३५ च्या आसपास मिळतं, १३ लिटरच्या टाकीत माझा आठवडा निघतो.

आता पंक्चर. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, दोन्ही तारांची, आणि आत ट्यूब. ही गाडी घेणाऱ्याला पंक्चर काढता आलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ट्यूबलेसची दोरी भरून देणारी दुकानं सगळीकडे झाली, पण २१ इंची ट्यूब पाटणच्या बाजारातही हमखास मिळेल असं नाही. मी गाडीत २१ इंची एकच ट्यूब ठेवतो, कारण अडचणीच्या वेळी तीच मागच्या १८ इंचीत कशीबशी बसवून घरापर्यंत येता येतं. सोबत तीन लिव्हर, हातपंप, ठिगळं, सोल्युशन, आणि एक्सलचा पाना.

काम कठीण नाही, घाई मात्र चालत नाही. इंजिनखालच्या प्लेटला दगडाचा टेका देऊन चाक अधांतरी करायचं. एक्सल काढून चाक सपाट दगडावर ठेवायचं, व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडायची, मग बुटाच्या टाचेने टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमपासून सोडवायची. लिव्हर घालताना समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली की हाताला जोर लागत नाही. ती वर राहिली तर पहिलवानालाही टायर निघणार नाही. बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ठेवायची, म्हणजे ती लिव्हरखाली चिमटत नाही. टायरच्या आतून बोटं हळू फिरवून काटा शोधायचाच. आमच्याकडे करवंदीचा आणि बाभळीचा काटा आत मोडून राहतो आणि नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते.

ब्रेकबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचं चाक जाम होणारच, ओल्या उतारावर तर नक्की. मोड तीन आहेत : रोड, ऑफरोड आणि रॅली, रॅलीत एबीएस पूर्ण बंद होतं. सुट्या खडीवर रोड मोडमध्ये पुढचा ब्रेक सारखा सोडला जातो आणि गाडी पुढे पुढे जात राहते, म्हणून डांबर संपलं की मी ऑफरोड लावतो. शेवाळलेल्या जांभ्यावर मात्र कुठलाच मोड वाचवत नाही. तिथे पहिला गियर आणि इंजिनाचा ब्रेक. आणि फरशी पुलावरून पाणी जात असेल तर थांबायचं. सायलेन्सर उंच आहे, हवेची वाट उंच आहे, हे खरं, पण वाहतं पाणी गाडीला आडवं ढकलतं. गाय पुढच्या माजालाही भरता येईल.

देखभालीत पावसाळा हाच खरा हिशेब. कोयनानगरला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. चेन दर दोन-तीन दिवसांनी पुसून नव्वद नंबरचं ऑइल. चेनच्या ताणाबद्दल गॅरेजमध्ये भांडावं लागतं : मेकॅनिकला सवय छोट्या गाड्यांची, तो सैल चेन दिसली की आवळतो. लांब चालीच्या सस्पेन्शनमध्ये चाक वर येतं तेव्हा चेन ताणली जाते. उभ्या गाडीवर घट्ट वाटणारी चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टला आणि बेअरिंगला ओढते. माझा नियम सोपा आहे : सामान बांधायचं, माणूस बसवायचा, मग बोटाने चेन बघायची.

ऑइल कूलर पुढच्या चाकाच्या थेट मागे आहे, त्याच्या जाळीत चिखल वाळू द्यायचा नाही, आणि धुताना मोटारीची जोरदार धार त्याच्यावर मारायची नाही, पाती वाकतात. पुढच्या फोर्कच्या सीलभोवतीही तेच. तारांवर स्क्रू ड्रायव्हर टिचकीसारखा मारत जायचा; सैल तारेचा आवाज बद्द येतो. वेळेवर आवळली तर रिमला आऊट (वाकडेपणा) येत नाही. पावसाळा संपला की टी-बेअरिंग (हँडलच्या मुळाशी असतं ते) आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा मोठा बोल्ट उघडून जुनं ग्रीस काढून नवं भरून घेतलं. आतून पाणी निघालं. हे काम सर्व्हिसच्या यादीत आपोआप होईल असं समजू नका, सांगून आणि समोर उभं राहून करून घ्या.

जे बदल केले नाहीत त्यांच्याबद्दलही. सायलेन्सर बदलला नाही. गाभण म्हशीच्या गोठ्यापुढे फटफट आवाज करत जाणं मला पटत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आणि एक कळकळीची विनंती. अशी गाडी घेतली म्हणजे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची कातळाची पठारं, मोकळे झाले असं नाही. सडावाघापूर, चाळकेवाडी, कास, या पठारांवर मातीचा थर बोटभर. सीतेची आसवं ही रानफुलं त्याच ओल्या थरात उगवतात. ओल्या सड्यावर एकदा चाकं गेली की ती चाकोरी पुढच्या वर्षीही दिसते, पाणी तिच्यातून वाहतं आणि माती घेऊन जातं. त्याच सड्यांवरचं गवत इथली गुरं खातात. वाट सोडून सड्यावर गाड्या घालणाऱ्यांचे व्हिडिओ बघितले की मला त्रास होतो. या गाडीला वाटेवरच दाखवायला भरपूर आहे.

२०२५ मध्ये एक्सपल्स २१० आली : लिक्विड कूल्ड इंजिन, २४.६ पीएस, सहा गियर. हायवे आणि डोंगर दोन्ही निम्मं-निम्मं असेल तर तीच बघा. पण वजन दहाएक किलोने वाढलं, रेडिएटर आला. माझ्यासारखा वापर असेल तर चांगल्या अवस्थेतली जुनी फोर-व्ही शोधण्यात मला काही कमीपणा दिसत नाही. बघायला जाल तेव्हा पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवा. मध्यावर अडल्यासारखं झालं तर टी-बेअरिंग गेलं. मागचं चाक धरून आडवं हलवा. खडखडलं तर स्विंगआर्मचं किंवा चाकाचं बेअरिंग. मग दोन्ही चाकं फिरवून आऊट बघा, आणि सौद्यात २१ इंची ट्यूब मागून घ्या.